अल्टरनेटरची फुकट तपासणी: ऑटोझोन, न्यू जर्सी

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बरेच जण आधी बॅटरीच बदलून मोकळे होतात. पैसे जातात, दिवा तसाच. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी ऑटोझोन या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गाडी न्या. बॅटरी, गाडी चालताना ती चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन सुरू करणारा स्टार्टर, तिन्ही ते फुकट तपासतात, काही विकत घ्यायची सक्ती नाही.

मी माझी गाडी नेली तेव्हा काउंटरवरचा मुलगा टेस्टर घेऊन पार्किंगमध्येच आला आणि टर्मिनलना चिमटे लावले. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्ट. गाडी सुरू केल्यावर आकडा चौदाच्या आसपास जायला हवा, तो १२.९ वरच अडला. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावायला सांगितलं, तर थेट १२.१! म्हणजे गाडी बॅटरीच्याच जिवावर चालली होती. लगेच नवा अल्टरनेटर गळ्यात न मारता त्याने इंजिन बंद करून अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण पाहिला, वायरींची जोडणी तपासली. हे मला फार आवडलं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत संगणकच गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो. तेव्हा एका आकड्यावर विसंबू नका, लोड टाकून, म्हणजे दिवे-ब्लोअर सगळं लावून, बघायला सांगाच. शनिवारी सकाळी जाणं टाळा, गर्दी असते.

अल्टरनेटर ते बसवून देत नाहीत, त्यासाठी गॅरेज गाठावं लागतं. नवा घेतलात तर जुना दुकानात परत न्यायला विसरू नका, कोअर डिपॉझिटचे, म्हणजे जुन्या भागापोटी घेतलेल्या अनामत रकमेचे, पैसे परत मिळतात.