कापसाच्या ट्रकवर रडार डिटेक्टर: एका हंगामाचा अनुभव

आमचा चालक नागपूर ते पांढरकवडा या राष्ट्रीय महामार्ग 44 वरील फेऱ्यांसाठी रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचे वेग मोजणारे रडार जवळ असल्याचा इशारा देणारे यंत्र, मागत होता, म्हणून गेल्या हंगामात परदेशी बनावटीचे यंत्र बारा हजार रुपयांना घेतले. यंत्र 12 व्होल्टचे आणि ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची, त्यामुळे कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागला. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते.

बांधणी मजबूत आहे आणि इंजिनाच्या आवाजातही इशारा स्पष्ट ऐकू येतो. मात्र ज्या 24 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ते पोलिसांचे रडार शोधते, त्याच पट्ट्यात दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर आणि काही नव्या मोटारींचे रडारही चालते. "हे तं कुठंबी वाजते, भाऊ," असे चालकानेच आठवडाभरात सांगितले.

याउलट पोलिसांच्या इंटरसेप्टर (वेग तपासणाऱ्या) गाडीतल्या, प्रकाशझोताने वेग मोजणाऱ्या लेझर गनपुढे त्याचा उपयोग जवळजवळ नाही. लेझरचा झोत 300 मीटरवर जेमतेम एक मीटर रुंद असतो, आणि तो आपल्या गाडीवर पडल्यावर यंत्र वाजलेच तरी तोवर वेग मोजून झालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 183 नुसार जादा वेगासाठी जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे आणि दुसऱ्या वेळी चालकाचा परवाना जप्त होतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सुमारे 150 किलोमीटरच्या या रस्त्यावर 80 ऐवजी 95 च्या वेगाने गेल्यास फार तर अठरा मिनिटे वाचतात, पण भरल्या ट्रकच्या धडकेचा जोर सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. कापसाच्या दिवसांत हिंगणघाटच्या आसपास पहाटे मागे दिवा नसलेल्या बैलबंड्या रस्त्यावर असतात, आणि त्यांची सूचना कोणतेही डिटेक्टर देत नाही. शिवाय ज्या ट्रकचा 80 वर बांधलेला स्पीड गव्हर्नर (त्यापुढे वेग जाऊ न देणारे उपकरण) शाबूत आहे, त्याला या महामार्गावर अशा यंत्राची गरजच पडत नाही. आमच्या गाडीचा गव्हर्नर सोडवलेला होता, हे मला यंत्राची मागणी आली तेव्हाच विचारायला हवे होते.

गव्हर्नर पुन्हा जोडून घेतला आणि यंत्र काढून ठेवले. ओळखीच्या एका ट्रकमालकाने ते निम्म्या किमतीत मागितले, पण मी दिले नाही. त्यांच्या गाड्याही याच रस्त्याने जातात.