स्पाच्या चिखलातून बडोद्याच्या पावसाळ्यात: दोघांच्या तंबूचा वापरानंतरचा अनुभव

तंबू सहा हजारांच्या आतला, दोन थरांचा, फायबरग्लासच्या दोन काठ्यांवर उभा राहणारा. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला वन शर्यतीसाठी, म्हणजे बेल्जियन ग्रां प्रीसाठी, आम्ही चौघांत असे दोन घेतले, त्याला आता बरेच महिने झाले. निकाल आधीच सांगून टाकतो: स्पाच्या पावसाला तो पुरून उरला. त्याची वाट लागते ती बडोद्याला परत आल्यावर.

स्पा-फ्रँकोर्शांचा 7.004 किलोमीटरचा ट्रॅक आर्देनच्या जंगलात आहे. ला सूर्सच्या पहिल्या वळणावर ऊन आणि त्याच वेळी ट्रॅकच्या खालच्या टोकाला, स्टाव्हलोच्या बाजूला सर, हे तिथलं नेहमीचं. 2021 ची शर्यत पावसामुळे सेफ्टी कारमागेच (वेग रोखायला पुढे धावणाऱ्या गाडीमागे) आटोपली आणि अर्धे गुण वाटले गेले. 2025 लाही पावसाने सुरुवात तासाहून जास्त लांबली. कॅम्पिंग म्हणजे बरेचदा शेतकऱ्याने भाड्याने दिलेलं उतरतं गवताळ शेत. गाड्यांची ये-जा वाढली की त्याचा राडा होतो.

बाहेरच्या कापडाला 2000 मिमीची जलरोधकता पुरते, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब ते सोसतं. तळाला 3000 च्या खाली घेऊ नका, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. सकाळी आत दिसणारं पाणी बहुधा गळतीचं नसतं. दोन माणसांच्या श्वासाची वाफ गार कापडावर धरते. वरच्या झडपा पावसातही उघड्या ठेवायच्या आणि आतला थर बाहेरच्याला चिकटणार नाही इतक्या दोऱ्या ताणायच्या. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर लहान हवी. बाहेर डोकावली, तर पाऊस गोळा करून थेट पाठीखाली आणते.

सोबत आलेल्या खुंट्या मात्र निव्वळ तारेच्या. भिजल्या मातीतून त्या बोटाने उपटता येतात. 20 सेंटीमीटरच्या, वाय आकाराच्या अॅल्युमिनियमच्या घ्या आणि डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलवून ठोका.

जुलै असूनही रात्री पारा दहापर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. स्लीपिंग बॅगवरचा ‘कम्फर्ट’ आकडा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते तो, 5 अंश असावा. ‘लिमिट’च्या, म्हणजे जेमतेम निभावेल अशा, आकड्यावर विसंबू नये. नुसती हवेची गादी जमिनीचा गारवा थोपवत नाही, खाली फोमची मॅट लागतेच. इअरप्लग गाड्यांपेक्षा रात्री दोनला शेजारच्या तंबूंत वाजणाऱ्या गाण्यांसाठी जास्त कामी येतात.

गॅसची डबी विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. शेगडी न्यायची तर कोरी किंवा पूर्ण स्वच्छ केलेली. इंधनाचा वास आला तरी ती काढून ठेवतात. डबी तिथेच घ्यायची, पण आधी जोड बघून. युरोपात फिरवून बसवायच्या आट्यांच्या डब्यांबरोबर दाबून अडकवायच्या क्लिकच्या डब्याही सर्रास मिळतात आणि एकीची शेगडी दुसरीवर बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, 100 वॉट-तासांच्या आत. 20,000 एमएएचची साधारण 74 भरते. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभतं नेता येत नाही, म्हणजे पेढे, तूप आणि दुधाची पावडर घातलेला चहाचा प्रीमिक्स बाद. खाखरे, तेलावरचे ठेपले आणि मेतकूट खुशाल न्या. गरम भातावर मेतकूट आणि लिंबाचं लोणचं असलं की रात्रीची सोय झाली.

आता मूळ मुद्दा. शर्यत संपते जुलैच्या उत्तरार्धात, आणि सोमवारी सकाळी दवाने ओला तंबू तसाच पिशवीत कोंबला जातो. घरी पोचावं तर इथे ऐन पावसाळा. बाहेरच्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो. आधी आंबूस वास, मग चिकटपणा, मग शिवणीवरची पट्टी सोललेल्या कांद्यासारखी सुटते. आमच्यातला एक तंबू पोचल्या दिवशीच दिवाणखान्यात पंख्याखाली दोन दिवस पसरला होता, तो आजही नवा वाटतो. दुसरा पिशवीतच माळ्यावर गेला. दिवाळीच्या आवराआवरीत उघडला तेव्हा घडी सोडवताना चर्र आवाज येत होता.

वाळवायला गच्चीवरचं कडक ऊनही नको, त्याने कापड कमजोर होतं. माती ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन आणि डिटर्जंट दोन्ही वर्ज्य. पूर्ण वाळल्यावर मूळच्या पिशवीत न कोंबता सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरा. पट्टी सुटलीच तर उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आतून पॉलियुरेथेनचं सीम सीलर (शिवण बुजवायचं लेपण) लावा, चोवीस तास वाळू द्या आणि गच्चीवर तंबू विटांना बांधून पाइपने पाणी मारून बघा. सिलिकॉनचं सीलर या कापडाला धरत नाही. लेपच सगळीकडे चिकट झाला असेल, तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका. त्याच्या काठ्या आणि दोऱ्या काढून दुसऱ्या तंबूला ठेवा.