‘लस झालेली आहे ताई’

नाशिकच्या म्हसरूळला आमच्या रो-हाऊसच्या मागे पाच गावरान कोंबड्या होत्या. घेतल्या होत्या अंड्यांसाठी, पण लेकीने त्यांची नावं ठेवली आणि त्या घरच्याच होऊन बसल्या. जानेवारीत दिंडोरी रोडला मोटारसायकलवर जाळीच्या पाट्या बांधून फिरणाऱ्या एकाकडून मी आणखी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या, ७०० रुपयांना एक. महाग वाटल्या, पण तो म्हणाला, "लस झालेली आहे ताई, महिनाभरात अंड्यावर येतील." कोणती लस, कधी टोचली, हे मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी दोघींना आमच्या पाचजणींच्या खुराड्यात सोडलं. नव्या कोंबड्या किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या असतात, हे मला नंतर कळलं.

सहाव्या दिवशी त्यातली एक कोपऱ्यात पिसं फुगवून पेंगत बसली. थंडी कडाक्याची होती, मला वाटलं गारठली असेल. कोंबडी आजार अंगावर दिसू देत नाही. दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती इतरांसोबत दाणे टिपल्यासारखं करत राहते. त्या रात्री तिची गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली असती तर रिकामी लागली असती. आता मी रोज रात्री चाचपते.

दुसऱ्या दिवशी तिची विष्ठा हिरवट पाण्यासारखी झाली, चोच उघडी राहू लागली, श्वासाला घरघर. सासूबाईंनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही मानमोडी आहे. माझ्या माहेरी आठवड्यात अख्खं खुराडं बसलं होतं." मी मात्र त्या विक्रेत्यालाच फोन लावला.

तो तासाभरात आला. "थंडीने झालंय. राणीखेतचं इंजेक्शन मारतो, तीन दिवसांत ठणठणीत." मानमोडी आणि राणीखेत ही एकाच रोगाची दोन नावं आहेत, हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंचा अंदाज चुकला असं समजून मी निर्धास्त झाले. त्याने शर्टाच्या खिशातून सिरिंज काढली. आधीच भरलेली, आत पिवळसर पाणी. ना बाटली, ना लेबल. सातही जणींना एकाच सुईने टोचलं. कोंबडीमागे २०० रुपये, शिवाय पाण्यात टाकायच्या लाल पावडरीचे ४००.

तिसऱ्या दिवशी दोघी मेल्या. तो पुन्हा आला, उरलेल्या पाचजणींना टोचून १००० रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, "या मला १०० रुपये नगाने द्या, मी बघतो काय करायचं ते." लेक रडायला लागली म्हणून मी नाही म्हटलं. अशा विकत घेतलेल्या आजारी कोंबड्या पुढे कुणाच्या पाटीत जातात? माझ्या दोन तलंगा अशाच कुठून तरी आल्या असाव्यात, असं मला आजही वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही.

मग उरलेल्यांतल्या चंपीची मान वळली. दाणा टिपायला वाकायची आणि चोच दाण्याच्या शेजारी फरशीवर आपटायची. त्या दिवशी मी मेलेली एक कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती उघडून जठराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दाखवले. बर्ड फ्लू सुरुवातीला असाच दिसू शकतो, म्हणून नमुना तपासायला पाठवला. तो निघाला नाही, राणीखेतच होता.

डॉक्टर जे बोलले ते मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. राणीखेत विषाणूचा रोग आहे, लक्षणं दिसल्यावर तो बरा करणारं इंजेक्शनच नाही. लस निरोगी पक्ष्यासाठी असते: लासोटा नावाची लस पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, आणि आर-टू-बी नावाची साधारण आठव्या आठवड्यात कातडीखाली टोचून. ती सीलबंद बाटलीत सुक्या रूपात येते, २ ते ८ अंशांत ठेवतात, आयत्या वेळी कालवून लगेच संपवतात. खिशात फिरत होतं ते काय होतं, देव जाणे. आणि त्या एका सुईने आजार निरोगी कोंबड्यांपर्यंत नेला असण्याची शक्यता होती. पहिल्यांदा टोचलं त्या दिवशी आमच्या चारजणी अंगणात उकरत हिंडत होत्या. ४२०० रुपयांपेक्षा मला हेच जास्त सलतं.

एकही कोंबडी पेंगताना दिसली तर तिला लगेच वेगळी काढा, तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा, हात साबणाने धुवा. फोन करायचाच तर जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या सरकारी मदत क्रमांकाला करा, विकणाऱ्याला नको. एकदम दोन-तीन मेल्या तर दवाखान्याला कळवल्याशिवाय पुरू नका, आणि पुराल तेव्हा खोल खड्ड्यात, चुना टाकून. मेलेली कोंबडी नाल्यात टाकली तर रोग पुढच्या वस्तीत जातो.

सातातली एकटी चंपी वाचली. मान वाकडीच राहिली, त्यामुळे तिला खोल वाटीत ओले दाणे द्यावे लागतात.

पाडव्याच्या सुमारास त्याचा फोन आला. "ताई, नवीन तलंगा आल्यात, लस झालेल्या." मी लसीचं नाव आणि टोचल्याची तारीख विचारली. त्याने फोन ठेवला. तो अजून त्याच रस्त्याला फिरतो.