बूशेच्या मेंढपाळांची प्रत: फोंड्यातील एका फ्रेमच्या दुकानाचे काम

फ्रान्स्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराने १७४७ साली रंगवलेले, द्राक्षे खाणाऱ्या मेंढपाळ जोडप्याचे तैलचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. संग्रहालयाने त्याची मोठी डिजिटल प्रतिमा सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली असल्याने फोंड्यातील एका दुकानातून मी तिची सुती कागदावरील प्रत करून घेतली. मूळ चित्राचाच, म्हणजे सुमारे ८१ बाय ६९ सेंटिमीटरचा आकार निवडावा, कारण रोकोको या अठराव्या शतकातील नाजूक, अलंकृत फ्रेंच शैलीची खरी गोडी तपशिलांत असते: वस्त्रांच्या चुण्यांवरून सरकणारा उजेड, लोकरीतील मऊ फटकारे आणि त्वचेवरील गुलाबी झाक या प्रतीत स्पष्ट दिसतात. पहिल्या नमुन्यात झाडी पिवळट उतरली होती. दुकानदाराने तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि जादा पैसे न घेता रंग सुधारून दिले. हे खेड्याचे वास्तव चित्रण नव्हे, पॅरिसच्या उच्चभ्रू समाजाने कल्पिलेले खेडे आहे, हे ध्यानात ठेवूनही चित्राचा आनंद उणावत नाही.

फ्रेमचे काम विशेष वाखाणण्याजोगे आहे. गोव्याच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी हमखास धरते, म्हणून येथे आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालून काच आणि प्रत यांच्यात अंतर राखले आहे, शिवाय भिंतीलगत हवा खेळावी यासाठी मागे कोपऱ्यांत रबराचे तुकडे लावले आहेत. दर साध्या छपाईपेक्षा चढा असला तरी या काळजीसाठी तो रास्त वाटतो.