माइनक्राफ्ट की लुआंटी? आधी तुलनेतला घोळ मिटवू

लुआंटी उतरवून घ्यायचं, उघडायचं, समोर रिकामा मेनू दिसला की 'हे तर चालतच नाही' म्हणत काढून टाकायचं. माइनक्राफ्टला फुकटचा पर्याय शोधणाऱ्यांची गाडी बरेचदा इथेच अडते. दोष मेनूचा नाही, अपेक्षेचा आहे. माइनक्राफ्ट हा खेळ आहे. लुआंटी हे ठोकळ्यांचे खेळ चालवणारं इंजिन आहे, आणि खेळ त्यात आपण भरायचा असतो.

पेर्त्तू अहोला या फिनिश प्रोग्रॅमरने २०१० मध्ये ते 'माइनटेस्ट' नावाने सुरू केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं: 'लुओंती' म्हणजे फिनिशमध्ये निर्मिती, आणि त्यात मिसळली लुआ, म्हणजे ज्या भाषेत इथले मॉड (खेळात नवी भर घालणारे जोड) लिहितात ती. आवृत्ती ५.८ पासून इंजिनासोबत तयार खेळ येत नाही. त्यामुळे पहिलं काम हे: 'कंटेंट' टॅब उघडा, ऑनलाइन कंटेंट पाहण्याचं बटण दाबा, यादी 'गेम्स'पुरती मर्यादित करा आणि 'व्हॉक्सेलिब्रे' किंवा 'माइनक्लोनिया' बसवा. मुख्य मेनूवर खाली त्या खेळाचं चिन्ह येईल. ते निवडूनच नवं जग तयार करा, कारण जग एकदा एका खेळाचं झालं की ते त्याचंच राहतं. सुरू करण्याआधी 'एनेबल डॅमेज'वर खूण आहे ना ते बघा. ती नसेल तर इजाच होत नाही, आणि जगण्याच्या खेळातला जीवच जातो.

म्हणजे खरी तुलना माइनक्राफ्ट आणि व्हॉक्सेलिब्रे-माइनक्लोनिया यांची. व्हॉक्सेलिब्रे म्हणजे पूर्वीचं 'माइनक्लोन टू', आणि माइनक्लोनिया ही त्यातूनच फुटलेली फांदी. दोन्हींत झाडं तोडण्यापासून नेदर आणि एंड या दुसऱ्या दुनियांपर्यंतचा नेहमीचा रस्ता आहे. पहिला तासभर तर फरक जाणवतो तो फक्त बोटांना. माइनक्राफ्टमध्ये 'ई' दाबलं की सामानाची पेटी उघडते. इथे ती 'आय'वर आहे आणि 'ई' हे धावण्याचं बटण आहे, त्यामुळे जुन्या सवयीने पेटी उघडायला गेलेला माणूस थेट कड्यावरून खाली जातो. माहितीचा पडदा 'एफ३' ऐवजी 'एफ५'वर, उडणं 'के'वर, आणि उडण्यासाठी आधी परवानगी लागते. एकट्याच्या जगात 'स्लॅश ग्रँटमी ऑल' लिहिलं की सगळ्या परवानग्या मिळतात. बटणं सेटिंग्जमध्ये बदलता येतात. दोन्ही खेळ आलटून पालटून खेळणार असाल तर ती पहिल्याच दिवशी बदला.

दुसऱ्या तासापासून मात्र माइनक्राफ्ट पुढे निघून जातं, आणि याबाबत गोड बोलण्यात अर्थ नाही. लुआंटीत प्राण्या-राक्षसांची हालचाल सर्व्हरवरच्या लुआ कोडमधून ठरते. एकटे खेळत असलात तरी आत एक छोटा सर्व्हर चालूच असतो. त्याचा एक टप्पा साधारण ०.०९ सेकंदाचा. जवळपास बरेच प्राणी जमले की हा टप्पा लांबतो, मग मेंढ्या झटके देत सरकतात, कुंपणाच्या कोपऱ्यात अडकून बसतात आणि तुमच्या तलवारीचा घाव उशिरा लागतो. माइनक्राफ्टचं ठरलेलं माप सेकंदाला २० ठोके. तेही ओझ्याखाली मंदावतं, पण तिथवर न्यायला बरंच मोठं ओझं लागतं. लढाईची लय, आवाज, गावकऱ्यांचा व्यापार या बारीकसारीक गोष्टींवर तिथे पगारी माणसांनी वर्षानुवर्षं हात फिरवला आहे, आणि तो दिसतो.

रेडस्टोनसाठी, म्हणजे माइनक्राफ्टमधल्या विजेसारख्या तारा-यंत्रांसाठी, जीव टाकणाऱ्यांनी तर वेगळा विचारच करू नये. माइनक्राफ्टमध्ये तारेतला संकेत १५ ठोकळ्यांत विरतो, रिपीटर १ ते ४ टप्प्यांचा विलंब देतो, आणि संगणकावरच्या मूळ जावा आवृत्तीत पिस्टन (ठोकळे ढकलणारा ठोकळा) वरच्या जागेतल्या विजेनेही चालतो ही जुनी खोड आता नियमच झाली आहे. हजारो आराखडे या खोडींवर उभे आहेत. व्हॉक्सेलिब्रेतली व्यवस्था 'मेसेकॉन्स' या मॉडवरून आलेली असल्यामुळे वेळेचं गणित तंतोतंत जुळत नाही. दार उघडणं, दिवे लावणं ठीक, पण वेळेवर अवलंबून असलेलं सॉर्टर (सामान वेगवेगळं लावणारं यंत्र) किंवा उडतं यंत्र जसंच्या तसं उतरवलं तर अडकण्याची तयारी ठेवा. माइनक्लोनियाने हा भाग नव्याने लिहिला आहे, म्हणून यंत्रांचा नाद असेल तर दोघांतलं तेच घ्या.

गंमत अशी की मूळ मेसेकॉन्स हा स्वतःच्या जागी रेडस्टोनपेक्षा सोपा आणि ताकदवान आहे. त्याच्या तारेत संकेत अंतराने विरत नाही, 'अँड', 'नॉट' अशी गेट्स तयार ठोकळ्यांच्या रूपात मिळतात, आणि लुआकंट्रोलर या ठोकळ्यात चक्क प्रोग्रॅम लिहिता येतो. एका कंट्रोलरमध्ये जे मावतं त्याला रेडस्टोनमध्ये खोलीभर जागा लागते. फक्त त्याला फार झपाट्याने चालू-बंद केलं तर तो तापून जळतो. जळालेला कंट्रोलर दिसला की कोड बिघडला असं समजू नका, आधी त्याला संकेत पाठवणाऱ्या घड्याळाचा वेग कमी करा.

जगाच्या आकारात दोघांची तऱ्हा उलट आहे. माइनक्राफ्टचं जग मध्यापासून प्रत्येक दिशेला जवळपास तीन कोटी ठोकळे पसरतं. एका काठापर्यंत न थांबता चालायला सुमारे ८० दिवस लागतील. उंची मात्र आवृत्ती १.१८ पासून ३८४ ठोकळे, उणे ६४ ते ३१९. लुआंटीचं जग हा एक मोठा घनच आहे: मध्यापासून सहाही बाजूंना सुमारे ३१,०००. काठ दोन तासांहून थोड्या जास्त वेळात गाठता येतो, पण खाली खोली तितकीच आहे. व्हॉक्सेलिब्रेने याचा मजेदार उपयोग केला आहे. तिथलं नेदर हे वेगळं जग नाहीच, ते त्याच नकाशात अदमासे २९,००० ठोकळे खाली गाडलेलं आहे.

आता संगणकाचं. माइनक्राफ्ट जावाला आवृत्ती १.१७ पासून किमान ओपनजीएल (पडद्यावर चित्र उमटवणारी प्रणाली) ३.२ लागतं, आणि जावाची भूक वेगळीच. फार जुना लॅपटॉप यात हात टेकतो. लुआंटी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे, ओपनजीएल २ वर भागवतं आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतं. नेहमीची तक्रार म्हणजे 'दृष्टीची कक्षा ५०० केली तरी लांबचे डोंगर दिसत नाहीत'. कारण दोन वेगळी मापं आहेत. 'व्ह्यूइंग रेंज' मूळची १९० ठोकळे, आणि सर्व्हर नकाशा किती लांबचा पाठवतो ते 'मॅक्स ब्लॉक सेंड डिस्टन्स' ठरवतं, मूळ किंमत १२ म्हणजे १९२ ठोकळे. हे दुसरं माप १६-१६ ठोकळ्यांच्या मॅपब्लॉकमध्ये मोजतात, म्हणून ५०० हवे असतील तर तिथे ३२ लिहा. तिसरं माप 'अ‍ॅक्टिव्ह ब्लॉक रेंज', मूळ किंमत ४, म्हणजे ६४ ठोकळे. त्यापलीकडचे प्राणी आणि आपोआप होणाऱ्या बऱ्याच क्रिया थांबतात. शेत लांब ठेवून 'काहीच का उगवत नाही' असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा इथे असतं. आकडा वाढवताना एकेकाने वाढवा, कारण आकारमान घनात वाढतं आणि प्रोसेसर लगेच धापा टाकतो.

फोनवर आणि कन्सोलवर खेळायचं असेल तर माइनक्राफ्टच्या बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीला तोड नाही. लुआंटी अँड्रॉइडवर आहे, स्पर्शाने खेळताही येतं, पण मेनू संगणकासाठी आखलेले आहेत हे पदोपदी कळतं. कन्सोलवर ते नाहीच. आणि माइनक्राफ्ट विकत घेताना हे विसरू नका: जावा आणि बेडरॉकवाले एकमेकांच्या जगात थेट जाऊ शकत नाहीत.

मित्रमंडळींचा सर्व्हर उभा करायचा तर पारडं लुआंटीकडे झुकतं. माइनक्राफ्ट जावात सर्व्हरची फाइल एकदा चालवायची, ती बंद पडली की तयार झालेल्या यूला (अटी मान्य करण्याच्या) फाइलमध्ये 'फॉल्स'चं 'ट्रू' करायचं, पुन्हा चालवायची आणि राउटरवर टीसीपी पोर्ट २५५६५ उघडायचं. येणाऱ्या प्रत्येकाकडे खेळ विकत घेतलेलं मायक्रोसॉफ्ट खातं हवं, आवृत्ती जुळायला हवी, आणि फॅब्रिक किंवा फोर्ज या मॉड चढवणाऱ्या साधनांचे मॉड असतील तर बहुतेक वेळा तेच मॉड प्रत्येकाने आपल्या संगणकावर बसवायला हवेत. यातलं काही ना काही कोणाचं तरी चुकतंच.

लुआंटीत 'होस्ट सर्व्हर'वर खूण करा, पोर्ट ३०००० उघडा, झालं. हे पोर्ट यूडीपी आहे. सवयीने टीसीपी उघडलं की बाहेरचा माणूस 'कनेक्टिंग'वरच अडकतो. खातं लागत नाही, नाव आणि पासवर्ड त्या सर्व्हरपुरता. (यामुळेच तुमचं नाव दुसऱ्या सर्व्हरवर कोणीही घेऊ शकतं.) मॉड फक्त सर्व्हरवर बसवायचे. चित्रं, आवाज, मॉडेल पाहुण्याकडे आपोआप जातात. मोठ्या सर्व्हरवर पहिला प्रवेश त्यामुळे रेंगाळतो, पुढच्या वेळी साठवलेल्या फाइली वापरल्या जातात. कॉन्फिगरेशन फाइलचं नाव अजून 'माइनटेस्ट डॉट कॉन्फ'च आहे. मेनूऐवजी स्वतंत्र सर्व्हर चालवताना तिच्यात 'नेम' समोर स्वतःचं नाव लिहिलं नाही तर मालक असूनही परवानग्या मिळत नाहीत.

स्वतः मॉड लिहायचा असेल तर दोघांची बरोबरीच नाही. माइनक्राफ्टमध्ये जेडीके, ग्रेडल ही जावाची साधनं, संकलन आणि नव्या आवृत्तीसोबत तुटणारं काहीतरी. लुआंटीत एक फोल्डर, त्यात 'मॉड डॉट कॉन्फ' आणि 'इनिट डॉट लुआ', शिवाय 'टेक्स्चर्स' फोल्डरात १६ बाय १६ पिक्सेलचं पीएनजी चित्र. दहा ओळींत नवा ठोकळा जगात येतो, आणि बदल पाहायला जगातून बाहेर येऊन परत गेलं की पुरे. नवख्यांच्या चुका ठरलेल्या. ठोकळ्याच्या नावाआधी मॉडचं नाव आणि अपूर्णविराम (:) नसेल तर मॉड चढतच नाही. 'ग्रुप्स' रिकामं राहिलं तर ठोकळा ठेवता येतो पण फोडता येत नाही. आणि सगळ्या मॉडची चित्रं एकाच नावांच्या यादीत जातात, म्हणून 'स्टोन डॉट पीएनजी' असं मोघम नाव दिलं की दुसऱ्याच मॉडची भिंत तुमच्या रंगात दिसू लागते.

सुरक्षेचा मुद्दाही इथेच येतो. जावाचा मॉड तुमच्या संगणकावर हवं ते करू शकतो. जून २०२३ मध्ये 'फ्रॅक्चरायझर' हे घातक सॉफ्टवेअर माइनक्राफ्टच्या मॉडमधूनच पसरलं होतं. लुआंटीचे मॉड मुळात बंदिस्त जागेत चालतात आणि बाहेरच्या फाइलींना हात लावू शकत नाहीत. ते कुंपण अभेद्य नाही, म्हणून 'ट्रस्टेड मॉड्स'च्या यादीत कोणाचंही नाव डोळे झाकून घालू नका.

मॉड काढून टाकतानाचा फरक माहीत असलेला बरा. माइनक्राफ्ट जावात मॉड काढून जग उघडलं की त्याचे ठोकळे नाहीसे होतात, आणि तो भाग जतन झाला की मॉड परत बसवूनही ते येत नाहीत. लुआंटीत ते 'अननोन नोड' म्हणून कुरूप चेहऱ्याने जागेवर राहतात, मॉड परत चालू केला की पूर्ववत होतात. तरीही काही काढण्याआधी जगाचं पूर्ण फोल्डर बाजूला ठेवा. लुआंटीत नकाशा मूळ मांडणीत एकाच एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये असतो, तेव्हा प्रत काढताना आधी सर्व्हर बंद करा.