फिलाडेल्फियाचा २३०० अरीना: कुस्तीवाल्यांनीही एकदा जाच

आम्ही मूळचे सांगलीचे, त्यामुळे निकाल आधीच ठरलेली कुस्ती म्हटलं की नाक मुरडणारच. तरी पोराच्या हट्टापायी न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढली. चार स्टार!

हायवेला लागून गोडाऊनसारखी इमारत. पूर्वी इथे बिंगो चालायचा, आणि इथेच ईसीडब्ल्यू (ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग) ही अशा कुस्त्या भरवणारी छोटी स्थानिक कंपनी वाढली. १९९२ साली टॉड गॉर्डनने काढलेली. पुढे सूत्रं पॉल हेमनकडे गेली. २७ ऑगस्ट १९९४ ला शेन डग्लसने इथे एनडब्ल्यूए या जुन्या कुस्ती संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला आणि तिथल्या तिथे रिंगमध्ये फेकून दिला. (आमच्याकडे कुणी गदा अशी फेकली असती तर?) लगोलग कंपनीच्या नावातलं ‘ईस्टर्न’ जाऊन ‘एक्स्ट्रीम’ आलं. प्रेक्षक घरून तवे आणायचे, पैलवानांनी एकमेकांच्या टाळक्यात घालायला. २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

हॉल आटोपशीर, रिंग अगदी जवळ. गडी पाठीवर आपटला की फळ्यांचा धडाम आवाज थेट छातीत बसतो. तो काही खोटा नाही. फक्त पब्लिकच्या तोंडी शिव्या फार, तेव्हा लहान पोरांना नेताना विचार करा. आणि पार्किंगसाठी जरा लवकर निघा.