‘हजार मीटरचा’ रोबो आणि गेलेले ९४,१०० रुपये

लॉनचं गवत आपोआप कापणारं रोबो यंत्र ७८,०००. ‘कस्टम आणि पोचवणावळ’ ६,५००. सीमेची वायर (रोबोने हद्द ओलांडू नये म्हणून लॉनभोवती घालायची तार) आणि बसवणावळ ९,६००. एकूण ९४,१०० रुपये, सगळे यूपीआयने, आणि तेही दुकानाच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर. हो, कळतं मला. पण जीएसटीचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पाहून तुम्हीही पाठवले असते.

मावळातली जागा दहा गुंठे. घर, वाट, आंब्याची आळी वगळून लॉन उरतं सहा गुंठे, म्हणजे ६०७ चौरस मीटर. विकणारा म्हणाला, ‘हजार चौरस मीटरचं मशीन आहे साहेब, आरामात होईल.’ आलं ते ५००चं. मूळ पट्टीवर दुसरं स्टिकर डकवलेलं होतं.

चीड याची येते, की पैसे घेण्याआधी त्यानेच पाठवलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं: चार्जिंगचा वेळ धरून ताशी २२ चौरस मीटर. ६०७ भागिले २२ म्हणजे साडेसत्तावीस तास. दिवसाचे तास किती, हे चौथीतलं पोर सांगेल. मी त्याच कागदावर आवाज किती डेसिबल ते वाचत बसलो! शिवाय वायरवरचं यंत्र ओळीने चालत नाही, वाटेल तसं भटकतं. एका जागी तीनदा जातं आणि कोपरा राहतो. सहाशे मीटरला आठशेच्या खालचं घेऊच नका. पाती दाढीच्या ब्लेडएवढी असतात, रोज दोन-तीन मिलिमीटर शेंडे खुडायला. जुलैत एकदा मागे पडलं की ओल्या गवताचा लगदा पात्यांच्या तबकडीखाली साचतो आणि चाकं चिखलात जागच्या जागी फिरतात.

उतारातही तीच लबाडी. कागदावर ३५ टक्के, तोंडाने ‘पस्तीस अंश’. ३५ टक्के म्हणजे मीटरभरात ३५ सेंटीमीटर चढ, जेमतेम १९ अंश.

वायर दिली १५० मीटर. प्रत्येक आळ्याला वळसा घालून तार आल्या वाटेनेच, पहिल्या तारेला चिकटून परत न्यावी लागते, लागली २२०. जोड पाणी न शिरणाऱ्या जेलच्या कनेक्टरऐवजी काळ्या टेपने केलेले, म्हणजे पहिल्या पावसात सिग्नल बंद.

पोलीस ठाण्यात म्हणे, ‘वस्तू मिळाली ना? मग दिवाणी आहे.’ सायबरवाल्यांनी परत ठाण्यात धाडलं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पाच फेऱ्या झाल्या, अर्ज तीनदा नव्याने लिहिला, सही-शिक्क्याची पोच एकाचीही नाही. एकाने तर विचारलं, ‘गवत कापायला ९४ हजार? माळी मिळाला नाही का?’ फसवणारा राहिला बाजूला, उलटतपासणी माझीच!

पैसे गेल्याचं लक्षात येताच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. उशीर झाला असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ हवाच. आणि स्टिकर खरवडण्याआधी त्याचा फोटो काढा. मी आधी खरवडलं.